फी भरायची की पाहणी करायची?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"ताई, नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी आमची छोटी संस्था आहे. संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो, वह्या-पुस्तकं देतो आणि दहावीनंतर शिकणाऱ्या मुलींना फीसाठी मदत करतो. मी इथे अकरा वर्षं काम करते. माझी आई स्वतः विड्या वळायची. संस्था सुरू करणारे सर आता सत्तरीला आले. 'पुढच्या वर्षापासून सचिवपद तूच बघ,' असं त्यांनी बैठकीत सांगून टाकलं. मध्यंतरी एका दिवंगत शिक्षकांच्या कुटुंबानं संस्थेला चार लाख रुपये दिले. अमुकच गोष्टीवर खर्च करा, अशी अट घातली नाही. आमच्याकडे नववीनंतर मुली गळतात. का गळतात ते नीट कळावं म्हणून पाहणी करावी आणि दोन तरुण कार्यकर्त्यांना तयार करावं, असं मला वाटतं. विश्वस्त म्हणतात, 'कागद रंगवायला पैसे कशाला? तेवढ्यात पन्नास मुलींची फी भरून होईल.' एका कंपनीच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या) विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, वह्या देऊ, शिलाई मशीन देऊ, पण पगार आणि सर्व्हे कायद्यात बसत नाही, पाच टक्क्यांची मर्यादा आहे. मी विश्वस्तांचं ऐकावं का? आणि खरं सांगते, मला इंग्रजी बोलता येत नाही. कंपन्यांमध्ये सरच जातात. मला हे पद झेपेल का?"

– एक कार्यकर्ती, सोलापूर

नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. पाहणी करा, आणि तिचा खर्च त्या चार लाखांतूनच करा. दुसऱ्याचं उत्तरही 'हो'च आहे, पण त्याला काही अटी आहेत. त्या अटी तुमच्यासाठी नाहीत, सरांसाठी आणि विश्वस्तांसाठी आहेत.

विश्वस्तांवर रागावू नका. समोर फी भरायला पैसे नसलेली मुलगी उभी असताना कागदावर खर्च करायचा म्हटलं की पोटात कालवतं, आणि ते कालवलंच पाहिजे. ज्याला तसं होत नाही त्यानं विश्वस्त होऊ नये. पण त्यांच्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मुली फीमुळे गळतात. हे त्यांना कुठून कळलं? तुमच्या पत्रात त्याचं उत्तर नाही, आणि माझा अंदाज आहे की संस्थेच्या दप्तरातही नसेल.

महाराष्ट्रात सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. जुलै २०२४च्या शासन निर्णयानंतर, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि त्या निर्णयाच्या अटींत बसणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही माफ आहे. विडी वळणाऱ्या बाईचं घर उत्पन्नाच्या त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. मग तुम्ही पन्नास मुलींची फी भरता ती नेमकी कसली? विनाअनुदानित कॉलेजची, खासगी क्लासची, की माफी मिळू शकत असूनही उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही म्हणून भरावी लागणारी? तिसरं कारण असेल, तर मे महिन्यात पंधरा दिवस एक माणूस दाखल्यांच्या मागे लावून तुमची निम्मी फी वाचू शकेल. आणि मुलगी नववीतच गळत असेल, जिथे फीचा प्रश्नच नाही, तर पन्नास काय, पाचशे मुलींची फी भरूनही ती गळायची थांबणार नाही.

म्हणून पाहणीला मी फीच्या विरोधात उभं करत नाही. त्या दिवंगत गुरुजींच्या नावानं आलेल्या पैशातली फी योग्य ठिकाणी भरली जावी, यासाठीच पाहणी हवी.

आता पाहणी म्हणजे काय, ते बोलू. पुण्या-मुंबईहून कुणाला तरी बोलावून, चाळीस पानी प्रश्नावली छापून घरोघर फिरणं, एवढंच डोळ्यांसमोर असेल तर विश्वस्त बरोबर आहेत, तसली पाहणी करू नका. तुमच्याकडे अकरा वर्षांची हजेरीपुस्तकं असतील. सुरुवात तिथून करा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

एकेका मुलीचं नाव घ्या आणि शेवटचे सहा महिने बघा. एकदम यायची बंद झाली, की आधी दोन दिवस, मग चार दिवस, मग आठवडा अशी सुटत गेली? कोणत्या वारी जास्त वेळा गैरहजर आहे? आई वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जाते आणि पान-तंबाखू घेऊन येते तो दिवस, आणि त्याच्या आदला दिवस, यांच्याशी हजेरी ताडून बघा. माल पोचवायच्या आदल्या रात्री घरात पानं कापायला, विडीचं तोंड मुडपायला, दोरा बांधायला जास्तीचे हात लागतात आणि ते बहुतेक मोठ्या मुलीचेच असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण किती मुलींच्या बाबतीत, आठवड्यातून किती दिवस, हे तुम्हालाही आज सांगता येणार नाही. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आणि सणांचे दिवस बाजूला काढा, नाहीतर सगळा हिशेब चुकेल.

दुसरा रकाना पत्त्याचा. पूर्व भागातून किती कुटुंबं शहराबाहेर कुंभारीकडे राहायला गेली? तिथे विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आधीपासून आहेच. तिथल्याच रे नगर वसाहतीत जानेवारी २०२४मध्ये पहिल्या टप्प्यातली १५ हजार घरं दिली गेली. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात जाणं ही त्या बायकांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या युनियननं वर्षानुवर्षं लढा दिला आहे. पण नववी-दहावीच्या मुलीची शाळा जुन्या वस्तीत राहिली आणि घर शहराबाहेर गेलं, तर मधला रस्ता कोण पार करणार, कोणत्या बसनं, संध्याकाळी किती वाजता? पत्ता बदलल्यापासून सहा महिन्यांत किती नावं गळली, हे हजेरीपुस्तकच सांगेल. ती संख्या मोठी निघाली तर तुमच्या संस्थेनं फी सोडून बसच्या पासाचा विचार करावा, किंवा संध्याकाळचा वर्ग तिकडे हलवावा. कदाचित अगदीच किरकोळ निघेल. मग तेही कळलं.

हे झाल्यावर घरी जा. सगळ्या घरी नको. गळलेल्या वीस-पंचवीस मुली आणि त्याच गल्लीतल्या, तशाच परिस्थितीतल्या पण टिकलेल्या वीस-पंचवीस. टिकलेल्यांकडे जायला लोक विसरतात, आणि माझ्या मते तिथेच जास्त शिकायला मिळतं. तोच कारखाना, तीच मजुरी, तेवढीच भावंडं असून एका घरातली मुलगी बारावी करते आणि शेजारची करत नाही. असं का?

विचारायचं कसं, यावर थोडं थांबते, कारण इथेच बहुतेक पाहण्या वाया जातात. 'मुलगी शाळेत का जात नाही?' असं दारात उभं राहून विचारलंत तर 'जाते की ओ ताई' हेच उत्तर येणार. संस्थेची बाई वहीत काहीतरी लिहिते आहे, वह्या-पुस्तकं बंद होतील, ही भीती असते. 'परिस्थिती नाही' हे दुसरं उत्तर. तेही खरंच असतं, पण त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल विचारा. काल मुलगी किती वाजता उठली, पाणी कुणी भरलं, सुपात पहिलं पान कधी घेतलं, धाकट्याला कुणी सांभाळलं, ती घराबाहेर कधी गेली, परत कधी आली? 'का' विचारू नका. दिवस सांगता सांगता कारण आपोआप बाहेर येतं.

आणि ज्या भाषेत ती माउली घरात बोलते त्या भाषेत विचारा. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती बाई मराठीत, सरकारी माणसाला द्यावं तसं, मोजकं उत्तर देईल. त्याच प्रश्नाला घरच्या भाषेत ती तासभर बोलेल. तुमच्याच अभ्यासवर्गातून पुढे गेलेल्या, आज कॉलेजात असलेल्या तीन-चार मुली यासाठी निवडा. त्यांना दिवसाचे पैसे द्या. फुकट राबवू नका.

प्रश्नावली नीट बसवायला जाणकार माणूस हवा, हे खरं. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, सोलापुरात आपलं विद्यापीठ आहे. तिथल्या समाजशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या एखाद्या प्राध्यापकांना दोन बैठकांसाठी बोलवा. फक्त आधीच लिहून ठरवा की माहिती संस्थेची राहील, मुलींची नावं बाहेर जाणार नाहीत, आणि त्यावर कुणी लेख लिहिला तर आधी तुम्हाला दाखवला जाईल. मुली अठरा वर्षांखालच्या असतील, तर माहिती घेण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. आणि मोबाईलवर फॉर्म भरला की तो याच कायद्याच्या कक्षेत येतो.

पाहणीला हात घालण्याआधी एक काम विश्वस्तांसोबत बसून करा. एका कागदावर लिहा: उत्तर असं आलं तर आपण काय बदलू, आणि तसं आलं तर काय बदलू. उत्तर काहीही आलं तरी आपण जे करतोय तेच करणार असू, तर पाहणी करू नका. मग विश्वस्तांचं म्हणणंच खरं, ते कागद रंगवणंच होईल. हा कागद तुमच्या हातात असला की बैठकीतला वादही वेगळ्या पातळीवर जाईल.

विश्वस्तांना एक जुनी गोष्टही सांगा. १९३०मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली ती रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून. त्या पैशात अन्नछत्र निघालं असतं, वसतिगृह बांधता आलं असतं. त्यांनी अभ्यासासाठी पैसे दिले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या संस्थेचे पहिले संचालक, आणि त्यांनी ज्या शहरांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला त्यांत आपलं सोलापूर होतं. तो अभ्यास १९६५मध्ये ग्रंथरूपानं आला. त्याच्याही आधी, १९१२च्या सुमारास सर रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे पुत्र) थेट लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याची कारणं आणि ती दूर करण्याचे मार्ग यांच्या अभ्यासासाठी देणगी दिली होती. माणसं गरीब का राहतात, हे शोधायला पैसे देणं हे दानच आहे, ही समज आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

आणि संशोधन म्हणजे प्राध्यापकांचंच काम, असं कुणी म्हणालं तर गडचिरोलीचं उदाहरण द्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंची नोंद ठेवली आणि गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं दगावत होती, तो आकडा तीन वर्षांत २५च्या आसपास आला. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला, आणि २०११मध्ये केंद्र सरकारनं आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. नोंदी नसत्या तर एका जिल्ह्यातलं ते काम तिथल्या तिथेच राहिलं असतं. दिल्लीला काय दाखवलं असतं? तुमच्या पाहणीतून एवढं मोठं काही निघावं अशी अपेक्षा कुणी करू नये. पण त्या नोंदी ठेवणाऱ्या बायका गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या होत्या. तुमच्या वर्गातल्या मुली त्यांच्याहून जास्त शिकल्या आहेत.

आता ते कंपनीचे अधिकारी आणि त्यांची पाच टक्क्यांची मर्यादा. ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण अर्धवट वाचलेल्या नियमामुळे तुमच्यासारख्या किती संस्थांनी स्वतःच्या माणसांचे पगार मागणं सोडून दिलं असेल! कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५खाली, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. २०२१मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हेही खरं. पण हा खर्च कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराचा. त्याच नियमांतल्या व्याख्येत पुढे स्पष्ट म्हटलं आहे की एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचा नाही. म्हणजे मुलींच्या गळतीवर प्रकल्प असेल, तर त्याच्या आखणीसाठी केलेली पाहणी हा प्रकल्पाचाच खर्च आहे, आणि तो प्रकल्प चालवणाऱ्या कार्यकर्तीचा पगारही. कंपनीला ते द्यायचं नसेल तर नको देऊ दे, तो त्यांचा निर्णय आहे. पण कायद्यात बसत नाही, असं कारण मात्र ऐकून घेऊ नका. नियमाची प्रत काढा, त्या ओळी अधोरेखित करा आणि सोबत न्या. बऱ्याचदा त्या अधिकाऱ्यांनाही वरच्यांना दाखवायला असा कागद हवाच असतो.

कुणाकडून तरी प्रशासकीय खर्चावरच्या २० टक्क्यांच्या मर्यादेचाही नियम ऐकाल. तो परदेशी देणग्यांच्या कायद्यातला. २०२०पूर्वी ती मर्यादा ५० टक्के होती. तुम्ही परदेशी पैसा घेत नसाल, तर तो विषय सोडून द्या.

पुढच्या अर्जात 'कार्यकर्त्यांचं मानधन' ही ओळ चोरून, कुठल्यातरी 'इतर' रकान्यात लपवून लिहू नका. ठळक लिहा. अमुक वर्ग, अमुक मुली, त्यासाठी दोन पूर्णवेळ कार्यकर्त्या, त्यांचा बारा महिन्यांचा पगार, भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर तो, प्रवास, फोन, हिशेबनीस, दर तीन महिन्यांनी नोंदींचा आढावा. शिलाई मशीन देणारा दाता मशीनसोबत शिकवणारी बाई द्यायला का कचरतो, हे मला आजवर पटलेलं नाही. मशीन धूळ खात पडतं ते शिकवणारीच नसते म्हणून. तुमची वही कुणीतरी मुलीच्या हातात देतं, ती शाळेत पोचते का ते बघतं, आणि नाही पोचली तर घरी जातं. त्या 'कुणीतरी'चा पगार म्हणजेच तुमचं काम. असे पैसे देणारे दाते देशात आहेत. २०२१मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशननं काही दात्यांना सोबत घेऊन १०० संस्थांसाठी १०० कोटींचा निधी उभा केला, तो दोन वर्षांसाठी आणि संस्थांच्या स्वतःच्या बांधणीसाठी. तुम्ही तेवढ्या मोठ्या नाही, पण मागणी तीच आहे आणि ती मागायला लाजायचं कारण नाही.

चार लाखांचं मी असं करेन. पाहणीसाठी साठ-सत्तर हजारांच्या वर जाऊ नका. मुलींचं मानधन, प्राध्यापकांचा प्रवास, छपाई आणि शेवटी वस्तीत घ्यायच्या बैठकांचा चहा, हे सगळं एवढ्यात बसतं. दोन लाख त्या दोन तरुण कार्यकर्त्यांवर, वर्षभरात. उरलेले फीसाठी, पण पाहणीचं उत्तर हातात येईपर्यंत ते राखून ठेवा. जी मुलगी आत्ता अडली आहे तिची फी आत्ताच भरा, तिला पाहणीसाठी थांबवू नका. धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च करावा लागतो. पुढच्या वर्षासाठी राखायचा असेल तर ठराव करून विहित फॉर्म मुदतीत भरावा लागतो. हे सीएंना आत्ताच विचारा, मार्च उजाडायची वाट बघू नका. आणि गुरुजींच्या घरी जाऊन सगळं सांगून या. अट घातली नसली तरी त्यांना सांगणं आपलं काम आहे. ज्या घरातल्या माणसानं आयुष्यभर हजेरी घेतली, त्या घराला हजेरीपुस्तकाचं महत्त्व पटवून द्यावं लागेल असं मला वाटत नाही.

पाहणीचं उत्तर आलं की ते आधी त्या बायकांना वाचून दाखवा. अहवाल नंतर. 'असं असं निघालं, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारा. त्या दोन ठिकाणी तुम्हाला दुरुस्त करतील. आणि उत्तर संस्थेला न आवडणारं निघालं, समजा आपल्या संध्याकाळच्या वर्गाची वेळच मुलींना जमत नाही असं निघालं, तर तेही दात्यांना कळवा. जो दाता खरं ऐकून मागे सरतो तो लांब पल्ल्याचा नव्हताच.

आता तुम्ही.

'मला झेपेल का' हा प्रश्न तुम्ही इंग्रजीशी बांधून टाकला आहे, म्हणून आधी इंग्रजीचंच बघू. तुम्ही मराठीत बोला. कंपनीतले बहुतेक अधिकारी मराठी समजतात. ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी भाषांतराचा खर्च अर्जात मागा. इंग्रजी अहवाल लिहून देणारी माणसं मिळतात, पैसे देऊन मिळतात. पण माल पोचवायच्या दिवशी वर्ग रिकामा असतो, हे ज्यांना अंगाखांद्यावरून माहीत आहे अशी माणसं पैसे देऊन मिळत नाहीत. विडी वळणाऱ्या बाईची मुलगी विडी कामगारांच्या मुलींची संस्था चालवते, याहून मोठी लायकी मला तरी सुचत नाही. इंग्रजी शिकावंसं वाटत असेल तर जरूर शिका, चार लाखांतून शिका. पण त्यासाठी पद अडवून ठेवू नका.

खरा अडथळा दुसरीकडे आहे. सरांनी 'तूच बघ' म्हटलं. पण बँकेत सही कुणाची? दात्यांचे फोन कुणाला येतात? संस्थेचा मेल कुणाच्या मोबाईलवर उघडतो? तुम्हाला महिन्याला किती मिळतात, आणि सचिवपदाचं काम अंगावर आल्यावर त्यात काय वाढ होणार? हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं, कारण महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थांत हेच चित्र असतं. जबाबदारी दिली जाते, अधिकार आणि पैसे मात्र दिले जात नाहीत. मग दोन वर्षांत ती बाई दमून निघून जाते आणि विश्वस्त म्हणतात, बघा, तिला जमलं नाही.

म्हणून अटी घाला. पुढचे सहा महिने दात्यांच्या प्रत्येक बैठकीला सरांनी तुम्हाला सोबत न्यावं. पहिल्या एक-दोन बैठकांत ते बोलतील, नंतर तुम्ही बोलाल आणि ते शेजारी बसतील. बँकेत तुमची सही लागावी. पगार ठरावात आकड्यासकट लिहिला जावा, आणि त्याला 'मानधन' म्हणून अर्धा करू नये. सरांना एकदम मोकळं करू नका, तेही त्यांना लागेल. त्यांच्यासाठी नेमकं काम ठेवा, जसं की जुन्या दात्यांशी पत्रव्यवहार. पण रोजच्या कारभारात कार्यकर्त्यांनी तुमच्या निर्णयावर सरांकडे दाद मागायची नाही, हे सरांनीच सगळ्यांसमोर सांगावं. हे त्यांच्या तोंडून आलं तरच टिकतं. आदर वाटत असलेल्या माणसासमोर अशा अटी मांडणं अवघड आहे, मला कळतं. पण संस्था आपल्यामागे चालावी असं ज्यांना खरंच वाटतं त्यांना या अटी अपमान वाटत नाहीत.

त्या दोन तरुण कार्यकर्त्यांना तयार करायचं म्हणजे शहरातल्या हॉटेलात तीन दिवसांच्या 'लीडरशिप' शिबिराला पाठवायचं, असं कुणी सुचवलं तर मी नको म्हणेन. प्रमाणपत्र मिळतं, परत आल्यावर काम तेच राहतं. त्यापेक्षा पाहणीच त्यांच्या हाती द्या. एकीनं हजेरीपुस्तकांचं काम पूर्ण सांभाळायचं, दुसरीनं घरभेटींचं, आणि विश्वस्तांच्या बैठकीत ते मांडायचंही दोघींनीच. प्रश्न आले तर उत्तरं त्यांनीच द्यायची. तुम्ही मध्ये पडायचं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या चांगल्या संस्थेत पंधरा दिवस राहून काम बघायला पाठवा. महिन्यातून एकदा तासभर बसून बोलेल, अशी बाहेरची एखादी अनुभवी व्यक्ती तिघींनाही मिळाली तर उत्तम.

बैठकीसाठी ठरावाचा मसुदा देते, हवा तसा बदला: "संस्थेस प्राप्त विनाअट देणगीतून मुलींच्या शाळागळतीच्या कारणांची पाहणी करावी, तीत मिळालेल्या माहितीनुसार फी-साहाय्याचे निकष ठरवावेत, आणि दोन कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे तरतूद करावी. तसेच सचिवपदाची जबाबदारी व बँक व्यवहाराचे अधिकार सोबत नमूद वेतनासह अमुक यांस द्यावेत." खाली पाहणीआधीचा तो 'उत्तर असं आलं तर' वाला कागद जोडा.

पगारी कार्यकर्तीला विश्वस्त किंवा पदाधिकारी होता येतं का, हे संस्थेच्या घटनेत आधी वाचून घ्या. येत नसेल तर कार्यकारी प्रमुख असं वेगळं पद करा. विश्वस्त मंडळात बदल झालाच, तर चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती देणारा अर्ज, नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवा. बैठकीची नोटीस, हजेरीच्या सह्या, ठराव, सरांचा राजीनामा आणि तुमचं संमतिपत्र यांची फाइल बैठकीच्याच आठवड्यात लावा. वर्षभरानं हे कागद शोधायला गेलं की एक तरी सही राहिलेलीच सापडते.